वीस मिलिअँपिअरची तार

भारतातली शेवटची तार १४ जुलै २०१३ च्या रात्री गेली. त्या दिवशी तार ऑफिसांपुढे रांगा होत्या. ज्यांनी जन्मात कधी तार केली नव्हती अशी कॉलेजची मुलंही आठवण म्हणून एकमेकांना तारा पाठवत होती. दुसऱ्या दिवशी पेपरांतून तारेचे मृत्युलेख आले आणि विषय मिटला.

पण तारेचा एक अवयव त्या रात्री मेला नाही. टेलिप्रिंटर एकमेकांशी बोलायचे ते तारेतून फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहाने. प्रवाह चालू म्हणजे एक, तुटला म्हणजे शून्य. १९६० च्या दशकातल्या टेलिप्रिंटरांमध्ये हा प्रवाह २० मिलिअँपिअर ठेवण्याची रीत पडली. पुढे १९७९ मध्ये जर्मनीच्या सीमेन्सने सिमॅटिक एस५ नावाचा कारखान्यांसाठीचा कंट्रोलर आणला, तेव्हा त्याच्याशी बोलायला बाजूला १५ पिनांचं एक सॉकेट ठेवलं. त्या सॉकेटमधून जातो तो हाच २० मिलिअँपिअरचा प्रवाह. जगात कुठेतरी आजही एखादा मेंटेनन्सवाला एस५ ला लॅपटॉप जोडायला बसतो, तेव्हा तो खरं तर टेलिप्रिंटरशीच बोलत असतो. आणि बोलणं जमत नाही, कारण त्याच्या लॅपटॉपला टेलिप्रिंटर म्हणजे काय हेच माहीत नसतं.

हा लेख त्या न जमणाऱ्या बोलण्याबद्दल आहे.

आधी पीएलसी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. तो एक छोटा कॉम्प्युटरच, पण स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. एका बाजूने बटणं, लिमिट स्विच, दाबाचे सेन्सर यांच्या वायरी आत येतात. दुसऱ्या बाजूने मोटरी आणि व्हॉल्व्ह यांच्याकडे वायरी जातात. आतला प्रोग्रॅम सेकंदात कित्येक वेळा वरपासून खालपर्यंत वाचला जातो. दार लागलंय? दाब पुरेसा आहे? मग व्हॉल्व्ह उघड. बस. धूळ, उष्णता, व्होल्टेजचे झटके हे सगळं सोसत तो वीस-तीस वर्षं हेच करत राहतो. तुमच्या फोनचा हा चुलतभाऊ समजा: कमी शिकलेला, पण आयुष्यात एक दिवस रजा न घेतलेला.

त्याच्या जन्माची गोष्ट छान आहे. अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत यंत्रांचं नियंत्रण रिलेंनी व्हायचं. रिले म्हणजे विजेने चालणारे स्विच, आणि एका पॅनेलमध्ये ते शेकड्यांनी असायचे. गाडीचं मॉडेल बदललं की पॅनेलची वायरिंग उपसायची आणि नव्याने करायची. याला कंटाळून जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये रिलेंऐवजी वापरता येईल अशा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरची मागणी पुढे ठेवली. त्याच वर्षी १ जानेवारीला डिक मॉर्ले नावाच्या इंजिनिअरने अशाच एका यंत्राचं टिपण लिहून ठेवलं होतं. बेडफर्ड असोसिएट्स या त्याच्या छोट्या कंपनीचा तो ८४ वा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव ०८४ पडलं. ते बनवायला काढलेल्या कंपनीचं नाव मोडिकॉन.

यातला मला सर्वांत आवडणारा निर्णय हार्डवेअरचा नाही. या यंत्राला प्रोग्रॅम द्यायचा तो शिडीसारख्या आकृतीत, म्हणजे रिलेचे नकाशे जसे काढत तसाच. कारण रात्रपाळीला मशीन बंद पडली तर तिथे प्रोग्रॅमर नसतो, इलेक्ट्रिशियन असतो. त्याला जे वाचता येतं त्याच लिपीत यंत्राने बोलावं, असं ठरलं. आपल्या धंद्यात वापरणाऱ्याला नवीन भाषा शिकायला लावण्याची इतकी सवय झाली आहे, की ५०-५५ वर्षांपूर्वी कुणी उलटं केलं होतं हे वाचून बरं वाटतं.

मात्र शिडी काढायची कुठे? सुरुवातीला त्यासाठी कंपनीचंच जडशीळ प्रोग्रॅमिंग यंत्र असायचं. मग १९८० च्या दशकात साधा पीसी आला, आणि त्या क्षणी एक विजोड लग्न लागलं. तीस वर्षं जगणाऱ्या कंट्रोलरची गाठ पाच वर्षं जगणाऱ्या कॉम्प्युटरशी बांधली गेली.

*

माझं गाव इंझोरी, वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात. आता आमच्याकडे सोयाबीन जास्त, पण काळी जमीन ओळखली जायची ती कपाशीसाठीच. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. मागोमाग रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आले. आमच्याकडची जुनी माणसं जिनिंगला अजून रेचाच म्हणतात.

मूर्तिजापूर–यवतमाळ ही नॅरोगेज लाइन, म्हणजेच शकुंतला, कारंज्यावरूनच जायची. ती इथे आणायचं कारण आहे. शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलं, १९२३ मध्ये कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. सत्तर वर्षं! ज्या मँचेस्टरला आमचा कापूस गेला तिथून आलेलं ते यंत्र स्वातंत्र्य, फाळणी, आणीबाणी, संगणक युग सगळं बघत धावत राहिलं. हे शक्य झालं कारण त्या इंजिनाला जे काही 'माहीत' होतं ते त्याच्या आकारातच होतं. व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे दांड्याची लांबी ठरवायची. दांडा झिजला तर फिटर मोजमाप घेऊन लेथवर नवा करू शकायचा. मँचेस्टरला फोन करून पासवर्ड विचारावा लागत नव्हता.

आता पुढची पायरी बघा. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्याचा एक भाग जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाचा होता. मजुरांनी डोक्यावरून कापूस वाहण्याऐवजी कन्व्हेअर आणि सक्शन पाइप आले, जुन्या प्रेसच्या जागी नव्या हायड्रॉलिक प्रेस आल्या. सुमारे १७० किलोची रुईची गाठ बांधायची म्हणजे पेटीत रुई भरणं, ती दाबत जाणं, दार लागल्याची खात्री, मग मुख्य दाब, बांधणी आणि गाठ बाहेर. हा क्रम चुकला तर माणसाचा हात जाऊ शकतो. हा क्रम सांभाळायला पॅनेलमध्ये पीएलसी आला. त्याच्यासोबत ऑफिसात एक कॉम्प्युटरही आला. त्यावर गाठींची नोंद दिसायची आणि त्याच्याच डिस्कवर पीएलसीचा मूळ प्रोग्रॅम होता.

त्या पिढीच्या प्रेस आता वीसेक वर्षांच्या झाल्या आहेत. लोखंड ठणठणीत आहे.

कारंजा भागातल्या एका जिनिंगमधला असाच कॉम्प्युटर ऐन हंगामात गेला. मदरबोर्ड गेला, डिस्क फिरायची बंद झाली. पण प्रेस चालू होती. पीएलसीला कॉम्प्युटर लागतो तो फक्त प्रोग्रॅम बदलायला किंवा बघायला, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. गाठींची नोंद वहीत सुरू झाली. मी पुण्याहून सुट्टीला गेलो तेव्हा तिथले इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, "मशीन तं चांगली हाय बापा. तिच्याशी बोलनाराच गेला."

काकांना घाई का होती ते आधी मला कळलं नाही. कारण होतं एक बॅटरी. त्या काळच्या बऱ्याच पीएलसींमध्ये प्रोग्रॅम राहतो तो बॅटरीवर जपलेल्या मेमरीत. वीज चालू आहे तोवर बॅटरीवर भार नाही. वीज बंद झाली की सगळी भिस्त त्या नाण्याएवढ्या लिथियम सेलवर. मोटार कारखाना बारा महिने चालतो, तिथे हा प्रश्न क्वचित येतो. जिनिंग मात्र हंगामी धंदा. दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्यात थांबतो. मग बिल वाचवायला मेन स्विच खाली. म्हणजे वर्षातले चार-सहा महिने तो प्रोग्रॅम एका जुन्या सेलच्या जिवावर अंधारात बसून राहतो. सेल पावसाळ्यात संपला, तर दिवाळीनंतर प्रेसला आपण प्रेस आहोत हेच आठवणार नाही. मोटार कारखान्यांसाठी जन्मलेल्या यंत्राच्या रचनेत वऱ्हाडच्या कपाशीचं वेळापत्रक कुणी धरलेलं नव्हतं.

म्हणून मेन स्विच खाली जायच्या आत नवा कॉम्प्युटर जोडून प्रोग्रॅमची प्रत बाहेर काढायची होती.

*

नवा लॅपटॉप जुन्या कंट्रोलरला जोडताना जे अडथळे येतात त्यांतला प्रत्येक इतिहासाचा एकेक थर आहे. पहिला थर सॉकेटचा. आरएस-२३२ हे सीरियल जोडणीचं मानक १९६० चं, मूळ हेतू टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्याचा. पीसीच्या पाठीमागे दिसायचं ते ९ पिनांचं सॉकेट १९८४ च्या आयबीएम एटीपासून रूढ झालं. पुढे यूएसबी आली आणि लॅपटॉपवरून ते हळूहळू नाहीसं झालं.

दुसरा थर ऑपरेटिंग सिस्टिमचा. डॉसच्या काळातले प्रोग्रॅम थेट पोर्टच्या पत्त्यावर जाऊन बाइट टाकायचे, मध्ये कुणाला विचारायचे नाहीत. एक्सपी वगैरे विंडोज त्यांना तसं करू देत नाही, फार तर तसा आभास निर्माण करते. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर तर ते १६ बिटांचे प्रोग्रॅम चालूच होत नाहीत. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. तरी अनेक कारखान्यांत एखाद्या कोपऱ्यात एक्सपीचा पिवळा पडलेला डबा हार घालून पुजल्यासारखा जपलेला दिसतो. दसऱ्याला त्याची खरोखर पूजा होते, तेव्हा हसू नका. त्या खोलीत ते एकमेव यंत्र असं असतं की ज्याला पर्याय नाही.

तिसरा थर वेळेचा, आणि हा सर्वांत फसवा. यूएसबी-ते-सीरियल केबल घेतली की काम झालं असं वाटतं. पण यूएसबी बाइट साठवून गठ्ठ्याने पाठवते. काही चिपांमध्ये हे थांबणं १६ मिलिसेकंदांपर्यंत असतं. जुना कंट्रोलर मात्र दोन बाइटांमधल्या शांततेवरून वाक्य संपलं की नाही ते ठरवतो, आणि ती शांतता ९६०० च्या वेगाला जेमतेम ४ मिलिसेकंदांची. म्हणजे तुम्ही श्वास घ्यायला थांबलात आणि समोरच्याने फोन ठेवून दिला.

शिवाय केबल अस्सल हवी. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप कंपनीचा एक ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. केबल एका रात्रीत मुकी. चोरीचा माल होता हे खरं. पण लॅमिंग्टन रोडवर दोनशे रुपयांची केबल घेणाऱ्या मेंटेनन्सवाल्याला आतली चिप कुणाची हे कसं कळणार? शिक्षा नकल करणाऱ्याला झालीच नाही, ती झाली शेवटच्या गिऱ्हाइकाला.

हे थर ओलांडले की खरा प्रश्न उरतो. वायर जोडली, पण बोलायचं कोणत्या भाषेत?

१९७९ मध्ये, म्हणजे एस५ आला त्याच वर्षी, मोडिकॉनने आपल्या कंट्रोलरांसाठी मॉडबस नावाची बोलण्याची पद्धत आणली आणि तिचे नियम छापून सर्वांना खुले केले. ती इतकी साधी आहे की इथेच दाखवतो. ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. एवढंच. पहिला बाइट पत्ता: १ नंबरचं यंत्र, ऐक. दुसरा काम: रजिस्टर वाचून दाखव. पुढचे दोन: पहिल्यापासून सुरू कर. त्यापुढचे दोन: दोन रजिस्टरं दे. शेवटचे दोन बाइट, वाटेत काही बिघडलं नाही ना, याची पडताळणी. आठ बाइटांचा प्रश्न. तुमच्या 'हो ना रे' या व्हॉट्सअॅप मेसेजलाही याहून जास्त लागतात.

यात एक चकवा आहे, जो पिढ्यान्‌पिढ्या नवशिक्यांना गाठतो. कागदावर पहिल्या रजिस्टरचा क्रमांक ४०००१, तारेवर मात्र त्याचा पत्ता शून्य. कागद एकपासून मोजतो, तार शून्यापासून. त्यात काही उत्पादकांनी आपल्या पुस्तिकेत एक पद्धत घेतली, काहींनी दुसरी. त्यामुळे गाठींच्या संख्येऐवजी तेलाचं तापमान वाचलं जातं आणि आकडा दिसायला इतका पटण्यासारखा असतो की लगेच शंका येत नाही.

पुढे मोडिकॉन या हातातून त्या हातात जात श्नायडरकडे आली. २००४ मध्ये श्नायडरने मॉडबसची मालकी एका स्वतंत्र संस्थेकडे सोपवली. आज सोलर इन्व्हर्टर, विजेचे मीटर, बोअरवेलच्या पंपाचे ड्राइव्ह यांच्यात ही भाषा सर्रास सापडते. तिच्याहून हुशार भाषा किती आल्या! पण ही टिकली ती हुशारीमुळे नाही, नियम कुणालाही मिळत होते म्हणून. एस५ च्या सॉकेटवरची भाषा तशी सर्वांसाठी छापलेली नव्हती. लोकांनी तारेवरचे बाइट ऐकून ऐकून ती ओळखायचा प्रयत्न केला, मोडी वाचावी तशी.

आणि मॉडबसलाही मर्यादा आहे. ती कंट्रोलरला विचारू शकते की आत्ता दाब किती, गाठी किती. पण तुझ्या डोक्यात प्रोग्रॅम काय आहे, हे तिला विचारता येत नाही. त्यासाठी प्रत्येक उत्पादकाची आपली भाषा आणि आपलं सॉफ्टवेअर. इथेच बंद दारं सुरू होतात. मशीन बसवणारे कंत्राटदार कधी कधी प्रोग्रॅमला पासवर्ड घालतात. पुढे कंत्राटदार धंदा बदलतो, फोन लागत नाही आणि मालक स्वतःच्याच मशीनपुढे परका होतो. त्या भागातल्या दुसऱ्या एका जिनिंगमध्ये मी हेच पाहिलं. पॅनेल त्यांचं, वीज त्यांची, आतली शिडी मात्र ज्याचा पत्ता नाही त्याची. तिथे आता नवा पीएलसी टाकून अख्खा प्रोग्रॅम पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

मोठ्या संस्थांचंही हे दुखणं आहे, फक्त त्यांच्याकडे औषध असतं. नारायणगावजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण घ्या. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, प्रत्येकीपाशी तिला हलवणारा आणि तिची खबर देणारा कॉम्प्युटर, आणि सगळ्यांना मध्यवर्ती कक्षाशी जोडणारे प्रकाशतंतू. मूळ रचना १९९० च्या दशकातली. तबकड्या बदलायचं कारण नव्हतं, आतलं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियंत्रणाचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं, तेही चालू निरीक्षणांना शक्य तितका कमी धक्का लावून. नव्या नियंत्रणासाठी त्यांनी टँगो ही खुली प्रणाली घेतली, जी मुळात फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉन प्रयोगशाळेत जन्मली. ते जमलं, कारण जुनी रचना बनवणारी माणसं, नकाशे आणि नोंदी एकाच छपराखाली होत्या. जिनिंगमध्ये त्या जागी असतात एक काका आणि एक वही.

जोडणी झाली की उत्साहाच्या भरात ती इंटरनेटवर टाकायची इच्छा होते. मालकाला फोनवर गाठी दिसल्या पाहिजेत ना! इथे मी हट्टाने नाही म्हणतो. मूळ मॉडबसमध्ये पासवर्ड नावाची गोष्टच नाही. तिला वाटतं, जो तारेवर बोलतोय तो आपल्याच पॅनेलसमोर उभा असणार, आणि १९७९ मध्ये ते खरंही होतं. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेटने दाखवलं की कंट्रोलरपर्यंत पोहोचायची वाट त्याच्याशी जोडलेल्या विंडोज कॉम्प्युटरमधूनच जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. त्यामागे सायबर घातपात असावा असं राज्य सरकार पुढे म्हणालं, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. वाद बाजूला ठेवला तरी असा प्रश्न विचारावा लागतो, हेच पुरेसं बोलकं आहे. म्हणून मालकाच्या फोनवर आता दिवसातून एकदा गाठींचा आकडा जातो, पण ती वाट एकाच दिशेची आहे. वाचता येतं, हुकूम देता येत नाही.

आमच्या पीएलसीला पासवर्ड नव्हता, हे नशीब. त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना, म्हणून नव्या लॅपटॉपच्या आत आभासी एक्सपी उभी केली, यूएसबी केबल थेट तिच्या हवाली केली, आणि अस्सल चिपची केबल असल्यामुळे कंट्रोलर बोलला. प्रोग्रॅम बाहेर आला. पण कसा? बिननावाचा. इनपुट आणि मेमरी बिटांना मूळ प्रोग्रॅमरने दिलेली नावं आणि टिपा कंट्रोलरमध्ये साठवलेल्याच नसतात. त्या गेलेल्या डिस्कवर होत्या. सातबारा मिळावा आणि त्यावर फक्त गट नंबर असावेत, मालकाचं नाव एकही नसावं, तसं झालं.

मग दोन दिवस मी आणि काका ती नावं परत लावत बसलो. मोटरी बंद ठेवून काका एकेक लिमिट स्विच हाताने दाबायचे आणि ओरडायचे, "डावं दार!" मी स्क्रीनवर कोणता बिट पेटला ते बघून लिहायचो. काकांना शिडी सरळ वाचता येत होती, माझ्यापेक्षा पटकन. मी एका ओळीवर अडलो तेव्हा ते म्हणाले, "अरे हे तं जुन्या पॅनेलातलं होल्डिंग हाय. बटन सोडलं तरी रिले धरून राहाते, तसं." मॉर्लेचं इलेक्ट्रिशियनवरचं गणित ५५ वर्षांनी कारंज्यात बरोबर ठरत होतं.

नवी बॅटरी वीज चालू ठेवूनच टाकली. प्रोग्रॅमच्या प्रती तीन केल्या: एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक कागदावर. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला. शेजारी मार्करने बॅटरी बदलल्याची तारीख लिहिली. यादीतल्या जवळपास सगळ्या बिटांना मराठीत नावं मिळाली. एम ४१ मात्र शेवटपर्यंत कळला नाही. तो एका ओळीत पेटतो, दुसऱ्या ओळीत वाचला जातो, आणि त्याने काय अडतं किंवा सुटतं ते दोन दिवसांत आम्हा दोघांना दिसलं नाही. काकांनी त्याच्यापुढे निळ्या पेनने लिहिलं: 'मालूम नाही. हात लावू नये.'